बंद नाकाची सोय

मी मराठी शिकवायचे आणि मला न, म आणि ण म्हणता यायचे नाहीत. कोल्हापुरातल्या मुलींच्या एका शाळेत मी नोकरीला लागले, तेव्हा मुलाखत घेणाऱ्यांना वाटलं, बाईंना सर्दी झालीय, जाईल चार दिवसांत. ती गेली नाही. शुद्धलेखन घालताना मी 'नम्रता' म्हटलं की निम्म्या मुली 'दब्रता' लिहायच्या. त्यांना रागावता येत नव्हतं, कारण त्यांनी ऐकलं तेच लिहिलं होतं. अनुनासिकांचा धडा मी दरवर्षी फळ्यावर लिहूनच उरकायचे.

माझं माहेर गडहिंग्लजचं. लहानपणी चुलतभावाच्या दांडूवरून सुटलेली विट्टी माझ्या नाकावर बसली. रक्त थांबलं, आईनं, म्हणजे अव्वानं, हळद दाबली, आणि मोडलंबिडलं असेल असा विचार कुणीही केला नाही. नाक बाहेरून सरळ दिसत होतं आणि लग्नाच्या बाजारात तेवढंच बघतात. अप्पांचा मिरचीचा व्यापार होता. हंगामात पोती फुटली की सगळं घर ठसकायचं, शिंकायचं, आणि मी त्या ढिगाशेजारी बसून निवांत गोष्टी वाचायचे. अप्पांना ती माझी कर्तबगारी वाटायची. गिऱ्हाइकाला सांगायचे, "पोरगी तिखट हाय. मिरचीला दाद देत न्हाय." नाकातून वारा जात नाही, म्हणून मिरचीही जात नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

आमचं घर सोवळ्यातलं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आणि अंडं हा शब्दही घरात उच्चारायचा नाही. मला कोल्हापूरचं स्थळ आलं तेव्हा अप्पांनी बैठकीत पहिला प्रश्न तोच विचारला होता, "खाण्यापिण्याचं कसं हाय?" सासरे तेव्हा हयात होते. त्यांनी दोन्ही कानांना हात लावले. मुलगा बँकेत होता. लग्न ठरलं.

लग्नानंतर माझं नाक हा सगळ्या नातेवाइकांचा विषय झाला. कुणी ओव्याची पुरचुंडी हुंगायला लावली, कुणी नाकात गाईचं तूप सोडलं. योगवर्गातल्या बाईंनी तोटीच्या भांड्यानं एका नाकपुडीतून पाणी सोडलं आणि ते दुसरीतून बाहेर येईल म्हणून सांगितलं. ते आलंच नाही. आम्ही दोघी वाट बघत बसलो. शेवटी बाई म्हणाल्या, "गिळलंत का काय?" एका मावससासूनं मोकळ्या हवेवर जा म्हणून सुचवलं, म्हणून नवरा मला एसटीनं गगनबावड्याला घेऊन गेला. तिथं हवा भरपूर होती, पण सगळी पावसात भिजलेली. परत आले ती दोन्ही नाकपुड्या बंद करून.

मग कुणीतरी नाकात घालायचे थेंब सांगितले. प्लॅस्टिकची ती बारीक बाटली म्हणजे चमत्कार होता. दोन थेंब टाकले की जरा वेळात आतून काहीतरी सुटायचं आणि मला तासभर न, म, ण तिन्ही यायचे, वास तेवढा नाही. मी शाळेत पहिल्या तासाआधी शिक्षकखोलीच्या कोपऱ्यात मान मागे टाकून थेंब घालायचे. हळूहळू तासाचा अर्धा तास झाला आणि बाटल्या लवकर संपायला लागल्या. घरी मात्र थेंब घालायची सोय नव्हती. थेंब मेंदूत जातात यावर माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, ठाम विश्वास होता. त्यामुळे संध्याकाळी मी घरात पाऊल टाकायचे तेव्हा नाक पुन्हा कुलूप लावल्यासारखं झालेलं असायचं.

नव्वदनंतरच्या त्या पहिल्या वर्षांतल्या एका स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. मी थेंब घालून तयार होते. पण पाहुणे उशिरा आले आणि थेंब आधी संपले. मी ध्वनिक्षेपकावर म्हणाले, "आजचे बाददीय प्रबुख पाहुडे." मागच्या रांगेतून खिदळणं ऐकू आलं. पाहुणे होते कान-नाक-घशाचे डॉक्टर. भाषण त्यांनी अभ्यास आणि आरोग्यावर केलं, पण चहाच्या वेळी सरळ माझ्याजवळ आले.

"बाई, तुमचं नाक किती वर्षं असं आहे?"

"लहादपडापासूद."

"लाजू नका. मी चंदगडचा. आमच्याकडं पाऊस आणि शेंबूड दोन्ही बारमाही. उद्या दवाखान्यात या."

घरी सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, सगळ्यांना बरं वाटेल. आत्याबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला.

"नाकात काय बघायचं हाय? इतकी वर्सं चाललंय की."

"वास येत दाही, बोलता येत दाही, झोपेत तोंड उघडं पडतं."

"वास कशाला पायजे? कुटं अत्तराचं दुकान घालायचंय तुला?"

नवऱ्यानं पेपर वर धरला आणि मागूनच म्हणाला, "घाई नको. बघूया." हा माणूस माझ्या घोरण्यामुळे कानात कापसाचे बोळे घालून झोपायचा. त्याला घाई कशी नाही, याचं मला नवल वाटलं.

तरी तो दवाखान्यात माझ्याबरोबर आला. डॉक्टरांनी कपाळावर आरसा बांधला, चिमट्यासारख्या यंत्रानं नाकपुडी फाकवली आणि बराच वेळ आत बघत राहिले. घर विकत घेताना भिंती बघतात तसे.

"मधला पडदा डावीकडं वाकलाय," ते म्हणाले. "त्यामुळं डावी बाजू बंद. उजवी मोकळी असायला हवी होती, पण तिथं भिंतीवरची गादी फुगून बसलीय. ही मांसाची गादी सगळ्यांना असते, हवा गरम करायला. तुमची इतकी फुगली ती ह्या थेंबांनी. थेंब टाकला की ती आकसते, उतरला की डबल फुगते. तुम्ही नाक उघडत नव्हता, बंद करायची सवय लावत होता."

मी पर्स पोटाशी धरली. बाटली आतच होती.

"आता काय करायचं?" नवऱ्यानं विचारलं.

"सगळ्यात आधी थेंब बंद. औषधाचा फवारा देतो, तो मारायचा. गादी थोडी उतरेल. काही लोकांचं तेवढ्यावर भागतं. पण फवाऱ्यानं पडदा सरळ होत नाही. तो सरळ करायचा तर ऑपरेशन. आतूनच करतो, बाहेर टाका नाही, नाकाचा आकार आहे तोच राहतो. गरज वाटली तर त्याच वेळी गादीही थोडी कमी करतो. काही जण ती सगळी कापून टाकतात. मी नाही कापत. नाक आतून कोरडं पडतं, नुसता वारा खेळतो, आणि तरी पेशंट म्हणतो बंदच आहे. आणि एक सांगतो, ॲलर्जी असेल तर ती ऑपरेशननं जात नाही. धूळ आली की शिंका येणारच."

नवरा खुर्चीत पुढे सरकला. "आणि वास? वास यायला लागेल का?"

"खात्री देत नाही. बहुतेक येईल."

"बहुतेक म्हणजे किती?"

मला त्याचं फार कौतुक वाटलं. बायकोच्या वासाची इतकी काळजी करणारा नवरा आमच्या शिक्षकखोलीत कुणालाच नव्हता.

थेंब बंद केल्यावरचे दिवस मी शत्रूलाही देणार नाही. नाक सिमेंट भरल्यासारखं झालं. जेवताना घास चावू की श्वास घेऊ असा प्रश्न पडायचा. फवाऱ्यानं उजवी बाजू थोडी सुटली, डावी तशीच राहिली. मग मी ऑपरेशनला हो म्हणाले. आत्याबाईंनी शेवटचा डाव टाकला, "नाक बसलं म्हंजे? सुपनखेवानी दिसशील." मी म्हटलं, दिसेन.

तेव्हा ते ऑपरेशन जागेपणीच करायचे. नाकात औषधाच्या पट्ट्या ठासल्या, मग सुया टोचल्या. त्या टोचताना डोळ्यांतून पाणी आलं ते रडण्याचं नव्हतं, आपोआप वाहत होतं. थोड्या वेळानं नाक आहे की नाही तेच कळेना. दुखत काही नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं. आतलं हाड छिन्नीनं काढताना डॉक्टर बारक्या हातोडीनं ठोकत होते, आणि तो आवाज कानातून नव्हे तर थेट कवटीतून येत होता, शेजारच्या घरात सुतार फळी बसवतोय तसा. मी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. "ओब दबः शिवाय, ओब दबः शिवाय." हातोडी थांबली. डॉक्टरांचे खांदे हलत होते.

"बाई, ऑपरेशन होईपर्यंत मनातल्या मनात म्हणा. माझा हात हलतोय."

देवानं मात्र लहानपणापासून तो जप तसाच चालवून घेतला होता, कधी दुरुस्त केला नव्हता.

दोन्ही नाकपुड्या मलमाच्या पट्ट्यांनी गच्च भरून मला खाटेवर आणलं. नाकावर मिशीसारखी पट्टी बांधलेली. तोंड सुकून कातडं झालं. नवरा चमच्यानं पाणी पाजत होता आणि मी जे बोलत होते ते त्याला कळत नव्हतं. ते बरंच होतं. पट्ट्या काढल्या तेव्हा डॉक्टर ओढत राहिले आणि पट्टी येतच राहिली. एवढी लांब चिंधी माझ्या डोक्यात मावली कुठं, असं वाटलं. शेवटचं टोक निघालं आणि थंडगार वारा डोळ्यांच्या मागपर्यंत गेला. मी घाबरून डॉक्टरांचा हात धरला. मला वाटलं, काहीतरी फुटलं. तो श्वास होता.

त्यानंतर सूज आली, खपल्या धरल्या, मिठाचं पाणी सोडून त्या काढाव्या लागल्या, आणि महिनाभर नाक पुन्हा अर्धवटच राहिलं. मग एकेक वास यायला लागला. कवितांमधून मी मुलींना बकुळ आणि केवडा शिकवला होता. मला पहिला आला तो शाळेच्या मुतारीचा. दुसरा शिक्षकखोलीतल्या एका सरांच्या काखेचा. ज्या बाकावर बसून मी इतकी वर्षं डबा खाल्ला, त्याच्याखाली झाडणारीचं ओलं फडकं असायचं, त्याचा तिसरा. जग इतकं घाण आहे हे मला तिशी उलटल्यावर कळलं. नवऱ्याला खोबरेल आणि जुन्या फायलींचा मिळून एक वास होता. वाईट नव्हता. मी त्याच्या सदऱ्याला नाक लावून उभी राहिले, तेव्हा तो अवघडून म्हणाला, "काय हुंगतीस? काय वास येतोय?"

"तुमचाच."

"एवढाच ना?"

शनिवारी आमची शाळा सकाळची असायची. त्या शनिवारी काहीतरी कारणानं लवकर सुटली आणि मी घरी आले, तर स्वयंपाकघरात एक दाट, उग्र वास कोंडलेला. मी तो आधी कधी घेतलेला नव्हता. खिडक्या उघड्या, उदबत्ती जळतेय, आत्याबाई भांडी घासतायत.

"आत्याबाई, कसला वास येतोय?"

"मला न्हाय बा येत."

"काहीतरी मेलंय. उंदीर असेल."

"आसंल," त्या म्हणाल्या, जरा जास्तच लवकर.

मी झाडू घेऊन कामाला लागले. सिलिंडर सरकवला, पिठाचे डबे काढले. एवढ्यात नवरा बँकेतून जेवायला आला, त्याला म्हटलं कपाट ओढा. तो म्हणाला जेवण झाल्यावर ओढू. मी म्हटलं आत्ता. त्यानं आईकडे बघितलं, आईनं त्याच्याकडे. मग त्यानं कपाट ओढलं, आणि मागे भिंतीला टेकवून ठेवलेली एक वस्तू पेपरमध्ये गुंडाळलेली खाली पडली. तवा होता. कोमट होता. वास त्याचाच होता.

"हा कसला तवा?"

आत्याबाई हात पुसत पाटावर बसल्या. "त्याला नगं विचारू. मी सांगते. अंड्याचा हाय."

मी तवा ओट्यावर ठेवला.

"हा कॉलेजात हुता तवा टायफाइड झालता. निस्ती हाडं ऱ्हायलीती. डॉक्टर म्हणलं, अंडं द्या. म्या रडत रडत पैलं अंडं फोडलं. ह्याचा वडील आठ दिस माझ्यासंगं बोलला न्हाय. मग एक दिस त्यानंबी खाल्लं. मग म्याबी."

"आणि बैठकीत कानाला हात लावला होता तो?"

"तुझा अप्पा असा बसलावता की कांद्याचं नाव घ्यायचीबी भीती वाटावी. तू आलीस तवा आमी बंदच करणार हुतो. पर आठ दिसांत कळलं की तुला वासच येत न्हाय. देवानंच सोय केली असं वाटलं."

नवरा कपाटाला टेकून उभा होता. डॉक्टरांना त्यानं वासाबद्दल इतकं खोदून का विचारलं, ते मला तेव्हा कळलं. राग आला, पण अंड्याचा नव्हता. त्या घरातल्या माणसांनी काय खावं याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं. मी तोंड उघडं टाकून झोपत होते, वर्गात पोरी माझ्या नकला करत होत्या, आणि माझं नाक बंद असणं ही या दोघांची सोय होती. मी त्यांना तसं म्हणाले. आता म्हणताना सगळी अक्षरं जागेवर येत होती, आणि ती त्यांना चांगली लागली. आत्याबाईंनी पदर डोळ्याला लावला. नवरा म्हणाला, "चुकलं." बँकेतला माणूस असल्यामुळे त्याला एवढंच बोलायची सवय होती.

चार-पाच दिवस मी दोघांशी कामापुरतं बोलले. मग एका सकाळी मीच तो तवा मांडणीवर इतर तव्यांशेजारी लावला आणि म्हटलं, "करायचं तर माझ्यासमोर करा. आणि मलाही एक घास द्या, कशासाठी एवढं लपवलंत ते तरी बघू." आत्याबाईंनी कांदा-मिरची घालून अंड्याची पोळी केली. मी घास तोंडात घातला आणि मोरीकडे पळाले. नाक बंद असतं तर कदाचित खपून गेलं असतं. आत्याबाई मागून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. पाठीवर हात फिरवता फिरवता त्यांना हसू आवरेना, आणि मलाही. मी पुढे कधीच अंडं खाल्लं नाही. त्या दोघांनी कधी सोडलं नाही.

दिवाळीनंतर अप्पा राहायला आले. तवा आता मीच लपवला, कुठे ते सांगत नाही. पण मिरचीच्या व्यापाऱ्याचं नाक ते. पोत्याला हात न लावता माल जुना की नवा ते सांगायचे. पहिल्याच दिवशी पानावर बसले आणि घास हातात धरून थांबले.

"पोरी, कसला वास येतोय गं?"

आत्याबाईंच्या हातातली पळी आमटीत पडली.

"मला तर नाही येत," मी म्हणाले. "आणि माझं नाक आता डॉक्टरांनी तपासलेलं आहे. तुमचंच दाखवायला पाहिजे."

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग घास तोंडात घातला आणि म्हणाले, "वय झालं. वासाचा काय भरवसा." जेवण झाल्यावर त्यांनी आत्याबाईंच्या आमटीचं कौतुक केलं, जे त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. त्यांना कळलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. ते गडहिंग्लजला परत गेले आणि पुढच्या खेपेपासून येण्याआधी आमच्या शेजारच्या दुकानात फोन करून कळवायला लागले.

दोन हजारनंतर नाक पुन्हा कुरकुरायला लागलं. आमच्या गल्लीत बांधकामं निघाली, खडूची धूळ तर नोकरीतच होती. डॉक्टरांनी आता दुर्बीण घेतली होती. नाकात नळी घातली की समोरच्या टीव्हीवर आतला देखावा दिसायचा. मी माझं नाक पहिल्यांदाच बघितलं. गुलाबी, ओलं, गुहेसारखं. पडदा सरळ होता. डॉक्टरांनी तो अभिमानानं दाखवला, स्वतः बांधलेली भिंत दाखवावी तसा. गादी मात्र पुन्हा फुगली होती.

"मी तेव्हाच सांगितलं होतं, ॲलर्जी जात नाही," ते म्हणाले. "फवारा परत सुरू करा. तीन महिने बघू. नाहीच उतरली तर आता नवीन मशीन आलंय, सुईनं आतून शेक देऊन गादी आकसवायची. ठोकाठोकी नाही. त्याच दिवशी घरी."

फवाऱ्यानं अर्धं काम केलं. उरलेलं त्या सुईनं. सकाळी गेले, दुपारी रिक्षानं घरी आले. आठवडाभर नाक चोंदलं, खपल्या निघाल्या, मग मोकळं झालं. कायमचं म्हणाल तर नाही. थंडीत आणि धुळीत फवारा मारावाच लागतो. एक नाकपुडी दुसरीपेक्षा जास्त काम करते. पण रात्री तोंड मिटून झोप लागते, आणि वर्गात मुली शुद्धलेखनाच्या चुका आता स्वतःच्या जबाबदारीवर करतात.

शेवटच्या तपासणीला गेले तेव्हा बाकावर शेजारी ऊस वाहणाऱ्या ट्रकचा एक ड्रायव्हर बसला होता. गारगोटीकडचा. दणकट माणूस, पण घामेघूम झालेला. त्याचंही पडद्याचंच ठरलं होतं.

"मॅडम, तुमी केलंय न्हवं? दुकतंय काय?"

"टोचताना दुखतं. नंतर नाही. दोन दिवस तोंडानं श्वास घ्यावा लागतो आणि पट्टी काढताना आईबाप आठवतात. महिनाभर वाटतं, उगाच केलं."

"आन् मग?"

"मग वास येतात. सगळेच."

"ट्रकात माझ्याबरुबर क्लीनर असतोय," तो म्हणाला. "त्याला आधी आंगुळ करायला लावायला पायजे." आतून त्याचा नंबर पुकारला. तो उठला, टोपी काढून हातात धरली, आणि देवळात शिरावं तसा चपला बाहेर काढून आत गेला.